दादांचा नाम्या आणि सरपोतदारांचे सत्तर रुपये
(लेखमाला : हशामागचे हात – भाग ६)

मागच्या भागात आपण तमाशातल्या गण-गवळणीनंतर येणाऱ्या बतावणीपाशी थांबलो होतो. तिथून आज थेट सिनेमात जायचं आहे, आणि वाट दाखवायला ज्यांना बरोबर घ्यायचं ते गृहस्थ सरकारच्या प्रसिद्धी खात्यात नोकरीला होते. नाव रघुनाथ दामोदर सबनीस. जन्म सोलापूरचा, ६ डिसेंबर १९२३चा. महाराष्ट्र त्यांना वसंत सबनीस म्हणून ओळखतो. खरं तर ओळखायला हवा होता, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये ‘अशी ही बनवाबनवी’तले संवाद एकमेकांना ऐकवत जाणारी मंडळी रोज भेटतात. ते संवाद कोणी लिहिले, असं विचारलं की उत्तरात अशोक सराफ येतात, लक्ष्या येतो, सचिन येतात. लेखकाचं नाव काही येत नाही.

आमच्या शहाडसारख्या गावाला सबनीस आधी कळले ते सिनेमातून नव्हे, वगातून. सेंच्युरी रेयॉनच्या पाळ्यांवर चालणारी ही वस्ती. घाटावरून आणि कोकणातून आलेले कामगार, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा, गणेशोत्सवातले स्टेज. साठच्या दशकाच्या मध्यावर दादा कोंडके सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांचा प्रेक्षक नेमका हाच होता. दादा स्वतः नायगावच्या गिरणगावात वाढलेले, सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले.

‘विच्छा’चं पुस्तकातलं नाव ‘छपरी पलंगाचा वग’. गोष्ट एवढीशी. राज्याचा कोतवाल मरतो. आता बढती आपलीच, या आशेवर हवालदार बसलेला. जागा मात्र जाते वशिल्याच्या माणसाला. मग हवालदार आणि त्याची मैनावती मिळून नव्या कोतवालाचा काटा काढायचं ठरवतात. कोतवाल मैनावतीवर भाळतो आणि ती मागते काय, तर खुद्द राजाचा छपरी पलंग! बढती हुकलेला माणूस ज्या कारखान्यात नाही, असा कारखाना दाखवा. सबनिसांनी राजा-प्रधानाच्या पोशाखात सरकारी कचेरी उभी केली होती, आणि ती त्यांना आतून ठाऊक होती. पुढे हा वग ‘सैंया भये कोतवाल’ या नावाने हिंदीत गेला आणि तिथेही रुजला, त्यात नवल नाही.

वगाची संहिता लवचीक असते. लेखक सांगाडा देतो आणि नट रोजच्या पेपरातली बातमी त्यात टोचतो. दादा हे बेफाम करायचे. दीड हजारांच्या घरात प्रयोग झाले, त्यातले दोन प्रयोग शब्दाला शब्द सारखे झाले असतील असं वाटत नाही. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. रंगमंचावर हशा आला की नट थांबतो, हशा ओसरू देतो, मग पुढचं वाक्य टाकतो. पडद्यावर नटाला ही सोय नाही. चित्रपट एकदा कापून जोडला की रीळ पुढे पळतच राहणार. टाळीच्या वाक्यानंतर लगेच कामाचं वाक्य आलं तर ते हशात बुडतं, आणि फार मोकळी जागा ठेवली तर अर्धं भरलेलं थिएटर अवघडून बसतं. त्यामुळे विनोदी पटकथा लिहिणाऱ्याला हशाची लांबी कागदावरच अंदाजावी लागते. टाळीच्या वाक्यापाठोपाठ एखादा चेहरा, एखादं निरुपद्रवी ‘अहो पण’, एखादा दरवाजा ठेवावा लागतो. दीड हजार प्रयोगांत ज्याचे शब्द घासून निघाले, त्या लेखकाला हा अंदाज फुकटात मिळाला होता.

१९७१चा ‘सोंगाड्या’ हे त्याचं पहिलं मोठं फळ. लेखक सबनीस, दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, निर्माते आणि नायक दादा. भोळा नाम्या, कडक आये, तमाशाचा नाद आणि कलावती. दादरच्या कोहिनूर थिएटरवरून झालेला वाद आणि त्यात बाळासाहेब ठाकरेंनी घातलेलं लक्ष यावर इतकं लिहून झालंय की ते इथे उगाळत नाही. पाहण्यासारखं आहे ते नाम्याचं पात्र. नाम्या विनोद करत नाही. तो मनापासून, गंभीरपणे वागतो आणि जग हसतं. सोंगाड्या कसा घडतो, याची ही गोष्ट लिहिणाऱ्याला विनोद कुठून येतो याची पक्की जाण होती.

१९७५च्या ‘पांडू हवालदार’पासून दादा स्वतः दिग्दर्शक झाले. दिग्दर्शक म्हणून त्यांना प्रेक्षकाची नस अचूक सापडली होती. लागोपाठच्या रौप्यमहोत्सवांनी त्यांचं नाव गिनेस बुकात गेलं. पण माझं मत विचाराल, तर पुढच्या चित्रपटांत शब्दाच्या दोन अर्थांवर भार पडत गेला आणि पात्रं पातळ झाली. ‘सोंगाड्या’तला नाम्या चावट वाक्यांशिवायही उभा राहतो. नंतरच्या कित्येक नायकांबद्दल तसं म्हणवत नाही. दादांचे चाहते यावर भांडतील, खुशाल भांडोत.

सबनिसांचा दुसरा डाव रंगला सचिन पिळगांवकरांबरोबर. सचिन बालनट म्हणून लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर, ‘माय बाप’पासून (१९८२) दिग्दर्शनात. दादा प्रसंग ताणणारे, तर सचिन तो आवळणारे. ‘गंमत जंमत’ (१९८७) आणि त्यापाठोपाठ १९८८मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’. मूळ कल्पना उसनी होती: हृषिकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६), आणि त्याच्याही मागे १९५५चा बंगाली ‘जय मा काली बोर्डिंग’. हिंदी चित्रपट फारसा कुणाला आठवत नाही, मराठी मात्र तोंडपाठ आहे. फरक सबनिसांच्या पटकथा-संवादांनी पडला, असं मी बेधडक म्हणेन.

एकच प्रसंग जवळून पाहू. घरमालक विश्वास सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी. भाडेकरू धनंजय मानेला (अशोक सराफ) खोली सोडायला लावणारा चिक्कू माणूस. निघताना त्याला आठवतं की मधुमेहावरच्या इस्रायली औषधासाठी आपण मानेला सत्तर रुपये दिले होते. माने शांतपणे सांगतो की औषध आणून देणारे गृहस्थ वारले. मग माझे सत्तर रुपये? तेही वारले. शब्दांत गंमत शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. दुखवट्याला जाऊन आलेला कोणीही मध्यमवर्गीय याच सुरात बोलतो. पण भाडेकरूला बाहेर काढण्याच्या ऐन विजयात घरमालकाचं नुकसान होतंय, पैशाबद्दल बोलावं तर समोर मयताचा विषय, आणि चिक्कूपणा जिरवायचा तर तो चेहऱ्यावर उतू चाललेला. हशा येतो तो सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर. अशोक सराफ त्या वाक्याला जराही जोर देत नाहीत. वर म्हटलेली हशाची मोकळी जागा ती हीच, लेखकाने आखलेली आणि दिग्दर्शकाने कात्री लावताना राखलेली.

त्याच प्रसंगातून कथेलाही धक्का मिळतो. खोली गेली, आता नवी हवी, नवी घरमालकीण फक्त जोडप्यांना जागा देणार, म्हणून मित्रांपैकी दोघांनी लुगडी नेसायची. एक थाप झाकायला दुसरी, दुसरीला तिसरी. सबनिसांचं यंत्र नेहमी असंच चालतं. ‘विच्छा’तला कोतवाल पलंगापायी अडकतो, नव्वदच्या दशकात प्रशांत दामलेंनी गाजवलेल्या ‘गेला माधव कुणीकडे’चा नायक दोन संसारांपायी. कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात आणि डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात दामलेंच्या नाटकांना गर्दी करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की माधव आणि नाम्या एकाच लेखणीची पोरं आहेत?

सबनीस १५ ऑक्टोबर २००२ रोजी गेले. शहाड-कल्याण पट्ट्यात एकांकिका करणाऱ्या मुलांना एक सुचवतो. विनोदी म्हणून पंचलाइनी जमवत बसण्याआधी ‘छपरी पलंगाचा वग’ मिळवा आणि तालमीत मोठ्याने वाचा. वाचताना प्रत्येक हशानंतर येणाऱ्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारा.

(पुढील भागात : ‘सोंगाड्या’चे दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी)