अंधारात दिसणारे दार

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात आग लागून १० नवजात बालके दगावली. अशा प्रसंगी अनेकदा वीज जाते, धूर दाटतो आणि समोरचे दारही दिसेनासे होते. वळसंगकरांनी भारनियमनाचा अंधार सोसला आहे. धुराचा अंधार निराळा.

अंधारात चमकणाऱ्या फलकास वीज लागत नाही. त्यातील स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट दिव्याचा प्रकाश साठवते व अंधार होताच हिरवट तेजाने परत देते. ते तेज हळूहळू मंदावते. धूर वर चढतो, म्हणून दारावरच्या फलकाबरोबर जमिनीलगतही एक हवाच. मात्र दिवा मालवलेल्या मार्गिकेत तो उपाशीच राहतो. तेव्हा रुग्णांच्या आप्तेष्टांनी रात्री तेथील दिवा मालवू नये व फलकावर टॉवेल वाळत घालू नये, ही नम्र विनंती.