घोंगडी का टोचते?

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की नाशिक परिसरातल्या शाळांचे वर्ग रंगीबेरंगी दिसू लागतात. निळे, लाल, गुलाबी स्वेटर आणि कानटोप्या. अशा एखाद्या सकाळी मुलांना विचारा, ‘स्वेटर कशाचा?’ उत्तर येते, ‘लोकरीचा.’ ‘लोकर कुठून येते?’ ‘मेंढीपासून.’ पुस्तकातले हे उत्तर बरोबर आहे, पण समोरच्या स्वेटरला ते बहुधा लागू पडत नाही. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा रंगीत गुंडा बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा असतो. त्याच सुमारास सिन्नर-संगमनेरच्या माळावर मेंढ्यांचे कळप खरी लोकर पाठीवर घेऊन चरत असतात. मग ती लोकर आपल्या सुयांवर का येत नाही?

ही मेंढी दख्खनी. महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावर धनगरांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली ही जात. तिचे लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार आहेत. नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागात दिसते ती मुख्यतः संगमनेरी. ही मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. दोन्ही वेळची मिळून लोकर भरते जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास.

आता लोकरीचा एक तंतू घेऊ. आपला केस आणि लोकर दोन्ही केराटिन या प्रथिनाचे असतात. तंतूवर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. त्यांची टोके तंतूच्या शेंड्याकडे वळलेली असतात. याचा अनुभव सूक्ष्मदर्शकाशिवायही घेता येतो. डोक्याचा एक लांब केस चिमटीत धरा आणि अंगठा व तर्जनी केसाच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे घासा. केस एकाच बाजूला सरकतो, मुळाच्या बाजूला. उलट दिशेने खवले अडतात. गरम पाणी, साबण आणि घासणे यांमुळे लोकरीचे तंतू असेच एकमेकांत अडकत जातात आणि नमदा तयार होतो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर आटतो, तो याच कारणाने.

खवले सगळ्याच लोकरीवर असतात. फरक पडतो तो जाडीने. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाडीचा असतो. दख्खनी मेंढीचा ४० मायक्रॉनच्याही पुढे जातो आणि त्यातले बरेच तंतू आतून पोकळ, केसाळ असतात. ‘फक्त दुप्पट तर आहे,’ असे मुले म्हणतील. पण गोल तंतूचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट झाली, तर ताठरपणा २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट होतो!

टोचण्याचे कारण इथेच आहे. कापडातून तंतूंची टोके बाहेर आलेली असतात. बारीक टोक त्वचेला लागताच वाकते. जाड टोक वाकत नाही, ते त्वचेला रेटते आणि तिथल्या चेतातंतूंना ते जाणवते. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू बऱ्याच जणांना टोचतात.

सुयांवर न येण्याचे कारणही हेच. मराठीत मागावरचे आणि सुयांवरचे अशी दोन्ही कामे ‘विणणे’च आहेत, पण धाग्याच्या दृष्टीने ती फार वेगळी. सुयांवर प्रत्येक टाका म्हणजे एक फास असतो. धाग्याला सतत गोल वळावे लागते. ताठर धागा उसळून सरळ होऊ पाहतो. मग टाके मोठे राहतात आणि वीण राठ होते. मागावर मात्र उभे-आडवे धागे जवळजवळ सरळच राहतात. म्हणून आपल्याकडे स्वेटर झाला नाही, घोंगडी झाली. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून ती खड्डामागावर विणतात. तिचा काळा रंग काळ्या मेंढीचाच असतो. ती अंगाला लागून घालायची नसते, कपड्यांवरून पांघरायची किंवा खोळ करून डोक्यावर घ्यायची असते. पावसाचा थेंब तिच्यावर काही वेळ तसाच उभा राहतो. मात्र लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतकी वाफ शोषून घेते आणि शोषताना थोडी उष्णताही देते. ओलसर घोंगडीही ऊब देते, ती म्हणूनच.

विणकरांना तंतूंचा हा फरक ठाऊक होता. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर बारीक आणि मऊ असते. तिला म्हणतात ‘जावळ’. बाळाच्या पहिल्या केसांना असते तेच नाव. जावळाच्या घोंगडीला मान जास्त आणि किंमतही.

स्वातंत्र्यानंतर लोकर ‘सुधारण्यासाठी’ दख्खनी मेंढीचा मेरिनो, रांबुये या परदेशी जातींशी संकर करण्यात आला. लोकर बारीक झाली खरी, पण फिरत्या कळपांत हा संकर रुजला नाही. मैलोन्मैल चालणे, उन्हाळ्यातला अपुरा चारा, काटेकुटे हे सगळे सोसण्यासाठी दख्खनी मेंढीच घडलेली होती. पुढे स्वस्त कृत्रिम ब्लँकेटे आली आणि घोंगडीची मागणी घटली. आज मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यतः कोकरांच्या विक्रीतून आणि शेतात मेंढ्या बसवल्याच्या मोबदल्यातून येते. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. मग कातरलेली लोकर तिथेच टाकून दिली जाते.

ही लोकर हलकी आहे का? त्वचेलगतच्या स्वेटरसाठी, हो. पण सतरंजी, पिशवी, आसन, नमदा, छताखालचा उष्णतारोधक थर यांना ताठरपणाच हवा असतो. जाड सुयांवर, सैल टाक्यांनी यांतल्या काही वस्तू विणताही येतात. अगदी वाया गेलेली लोकरही मातीत गाडली, तर हळूहळू कुजून पिकाला नत्र देते. केराटिनमध्ये सुमारे १६ टक्के नत्र असते.

वर्गात हे करून पाहा. दुकानातल्या लोकरीचा आणि जुन्या घोंगडीचा एकेक धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्या. (हे शिक्षकांनीच करावे, खाली पाण्याची बशी ठेवावी.) घोंगडीच्या धाग्याला केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेताच तो विझतो आणि राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याची टणक गोळी होते. ती गार होईपर्यंत हात लावू नका.

आणि गावाजवळ धनगरांचा वाडा उतरला असेल, तर मुलांना घेऊन तिथे जा. या वर्षीच्या लोकरीचे काय केले, हे त्यांनाच विचारा.