वाचणाऱ्याला दिवाळीत काय द्यावे?

सणासुदीला कोणाला काय द्यावे याचे आडाखे आपल्याकडे ठरून गेलेले आहेत. बहिणीला साडी, भाच्याला फटाके, साहेबांना सुक्या मेव्याचा डबा, नवविवाहितांना भिंतीवरचे घड्याळ. या यादीत कोठेही नीट न बसणारे एक अडचणीचे गिऱ्हाईक बहुतेक घरांत असते. ते म्हणजे वाचणारा माणूस. 'त्याला काय, द्या एखादे पुस्तक!' असे म्हणून घरातील मंडळी मोकळी होतात. वरवर पाहता प्रश्न सुटतो, पण खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

या लेखाच्या निमित्ताने मी वर्गातील, वसतिगृहातील आणि गावाकडील काही पक्क्या वाचकांना विचारले, 'दिवाळीला तुला काय मिळाले तर आवडेल?' उत्तरे निरनिराळी आली. परंतु त्यांचा विचार करता तीन इच्छा पुन्हा पुन्हा दिसल्या. पहिली, हवे तेच पुस्तक मिळण्याची. दुसरी, नवे काय आले आहे ते कळण्याची. तिसरी इच्छा मात्र पुस्तकाची नव्हतीच. ती वेळेची होती.

पहिल्या इच्छेपासून सुरुवात करू. 'एखादे पुस्तक' हवे असलेला वाचक मला भेटला नाही. प्रत्येकाच्या डोक्यात एक यादी असते आणि देणारा नेमका यादीबाहेरचे पुस्तक आणतो. माझ्या एका मित्राला व्यक्तिमत्त्व विकासावरचे एकच पुस्तक दोन काकांनी दोन वर्षे दिले. त्याला हवा होता कवितासंग्रह. काकांची चूक अशी काहीच नव्हती. भेट म्हणून आलेल्या पुस्तकात देणाऱ्याचे आपल्याविषयीचे मत दडलेले असते. आपण कसे आहोत यापेक्षा आपण कसे व्हावे, हेच त्यातून पुष्कळदा सांगितलेले असते. म्हणून नेमके पुस्तक मिळाले की वाचणारा हरखून जातो. पुस्तकाचा आनंद असतोच. शिवाय कोणीतरी आपल्याला ओळखले, याचाही असतो.

ही अडचण इंग्लंडमधील पुस्तकवाल्यांनाही जाणवली होती. नाताळात भेटी भरपूर दिल्या जातात, पण त्यांत पुस्तके फार थोडी असतात, कारण लोकांना निवड चुकण्याची धास्ती वाटते, हे हॅरोल्ड रेमंड नावाच्या प्रकाशकाने हेरले. त्याच्या कल्पनेतून तेथे 1932 साली 'बुक टोकन' निघाले. देणाऱ्याने दुकानात पैसे भरून टोकन घ्यायचे, शुभेच्छापत्रासह पाठवायचे आणि घेणाऱ्याने आपल्या गावच्या दुकानात जाऊन आपल्या पसंतीचे पुस्तक घ्यायचे. यात देणाऱ्याचे मत बाजूला राहते आणि भेट तर पोचते. युक्ती साधी, पण वाचकाचा मान राखणारी आहे.

दुसरी इच्छा, नवे काय आले ते कळण्याची. या बाबतीत आइसलँडचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. या देशाची लोकसंख्या आजही चार लाखांच्या आत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने होती; कागदावरची बंधने त्या मानाने सैल होती. त्यामुळे देण्यासारखी वस्तू म्हणून पुस्तक पुढे आले. 1944 साली आइसलँड डेन्मार्कपासून वेगळे होऊन प्रजासत्ताक झाले. त्याच वर्षापासून तेथील प्रकाशकांची एक सामायिक यादी निघू लागली. वर्षभरातील नवी पुस्तके तीत एकत्र छापलेली असत आणि नाताळाच्या आधी ही यादी कित्येक वर्षे घरोघर फुकट पोचवली जात असे. घरातील माणसे तीत खुणा करीत, म्हणजे कोणाला काय हवे हे विचारण्याची गरजच उरत नसे. 24 डिसेंबरच्या रात्री भेटी उघडायच्या आणि नवे पुस्तक घेऊन अंथरुणात शिरायचे, असा तेथील शिरस्ता आहे. पुस्तकांच्या या हंगामाला त्यांच्या भाषेत 'नाताळातला पुस्तकांचा पूर' असे नाव आहे.

हे वाचून आपण उसासा टाकण्याचे कारण नाही. पूर आपल्याकडेही येतो आणि तो त्यांच्याहून जुना आहे. इंग्रजी नियतकालिकांत नाताळचे खास अंक काढण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातच होती. खुद्द डिकन्सने आपल्या साप्ताहिकांचे असे अंक काढले होते. मराठीत 'मनोरंजन' मासिकाचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली दिवाळी अंक काढला आणि तेथून ही परंपरा सुरू झाली. आज दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी अंक असणे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विशेष आहे, हेही आपण विसरतो.

दिवाळी अंक हा भेटीचा उत्तम प्रकार आहे, असे माझे मत आहे. त्यात कथा, कविता, ललित लेख, व्यंगचित्रे आणि राशिभविष्यही असते. घरातील प्रत्येकाला आपापले पान सापडते, त्यामुळे निवड चुकण्याची भीती आपोआप कमी होते. एक अंक घरात आला की तो आजोबांपासून नातीपर्यंत फिरतो आणि मग शेजारी जातो. चांगल्या अंकाच्या किमती आता शेकड्यांत गेल्या आहेत आणि दहा अंक विकत घेणे विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नाही, हे खरे. यावर आपल्या गल्लीतील वाचनालयांनी केव्हाच तोड काढली आहे. ठरावीक वर्गणी एकदा भरायची आणि पुढील दोन-तीन महिने अंक बदलून न्यायचे. वाचणाऱ्याच्या नावाने ही वर्गणी कोणी भरली, तर त्याच्यासारखी भेट नाही. आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याला त्याच्या मोठ्या भावाने गेल्या वर्षी हीच भेट दिली. भाऊ स्वतः फारसा वाचत नाही. पण काय द्यावे हे त्याला बरोबर कळले.

आता तिसरी इच्छा. माझ्या वर्गातील एका मैत्रिणीने दिलेले उत्तर मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, 'मला पुस्तक नको. दुपारी दोन तास मला कोणी हाक मारू नये, एवढेच हवे.' सुटीत घरी गेली की साफसफाई, फराळ, पाहुण्यांची सरबराई हे सारे मुलींच्या वाट्याला येते. भाऊ अंक घेऊन पडला, तर तो 'वाचतोय'. बहीण घेऊन बसली, तर ती 'रिकामी बसलीय'. या दोन शब्दांतील अंतर मिटवणे ही खर्च न करता देता येणारी भेट आहे. घरातल्या पुरुषांनी चकल्या तळायला बसावे, म्हणजे ती दिल्यासारखी होईल.

ज्यांना असा वेळ मिळतो, त्यांच्यापैकी अनेकांना पुस्तक मिळत नाही, ही याच प्रश्नाची दुसरी बाजू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला आणि गावोगाव ग्रंथालये उभी राहिली. तरीही सर्वच ठिकाणी वाचकाला हवी ती पुस्तके असतात असे नाही. काही ठिकाणी वर्तमानपत्रे आणि दोन कपाटे एवढाच संसार असतो. आपल्यातील पुष्कळ जण अशा गावांतून आले आहेत. त्यांचे खरे ग्रंथालय म्हणजे महाविद्यालयाचे. आणि ते सुटी लागण्यापूर्वी पुस्तके परत मागून घेते! सत्र चालू असताना पुस्तके असतात पण वेळ नसतो. सुटीत वेळ असतो, तर पुस्तके कुलपात.

ग्रंथपालांची बाजूही समजून घेतली पाहिजे. साठ्याची पडताळणी त्यांना करावी लागते आणि गहाळ पुस्तकांचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. त्यांची काळजी रास्त आहे. म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. क्रमिक आणि संदर्भग्रंथ बाजूला ठेवावेत. कथा, कादंबरी, कविता, चरित्रे आणि प्रवासवर्णने यांपैकी तीन-तीन पुस्तके प्रत्येक विद्यार्थ्याला अनामत घेऊन दिवाळीच्या सुटीपुरती द्यावीत. पडताळणी उन्हाळ्यात करावी. प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांनी आपल्या आवडीच्या पाच पुस्तकांची नावे ग्रंथालयाच्या फलकावर लावावीत, म्हणजे आइसलँडची ती यादी आपल्याकडेही थोडीफार तयार होईल. यात नवा खर्च काहीच नाही, कारण पुस्तके आपलीच आहेत आणि सुटीभर ती कपाटातच असतात.

वाचणाऱ्याला काय द्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे फार अवघड राहत नाही. जवळचा माणूस असेल तर त्याची यादी विचारावी. विचारण्याचा संकोच वाटला तर दिवाळी अंक द्यावा किंवा वाचनालयाची वर्गणी भरावी. घरातली मुलगी असेल तर तिला दुपार द्यावी. आणि महाविद्यालयाला द्यायचे असेल, तर त्याने सुटीपूर्वीचा शेवटचा आठवडा पुस्तके परत घेण्याऐवजी देण्यासाठी राखून ठेवावा.