डबीच्या पाठीवरील बारीक अक्षरे

पौषाच्या सुमारास देशावर कोरडे वारे वाहू लागले, म्हणजे माणसांचे चेहरे पालटतात. गाल खरखरीत होतात, ओठ फुटतात, तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते. मग घरातले कोणी तरी दुकानात जाते. तेथे फळीवर डब्यांची रांग मांडलेली असते. एक पन्नास रुपयांची, दुसरी पाचशेची, तिसरी त्याहूनही महाग. प्रत्येकीवर फुले, थेंब आणि हसरे चेहरे छापलेले असतात. आत मात्र तोच पांढरा, मऊ लेप. यांतील कोणता घ्यावा? ज्या घरात महिन्याचा खर्च मोजूनमापून करावा लागतो, त्या घरात हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. आणि त्याचे उत्तर डबीच्या दर्शनी बाजूवर नसते. ते तिच्या पाठीवर, अगदी बारीक अक्षरांत छापलेले असते.

ती अक्षरे वाचण्यापूर्वी कातडी कोरडी पडते म्हणजे काय होते, हे समजून घेतले पाहिजे. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर चेहऱ्यावर साध्या कागदाहूनही पातळ असतो. तो मृत पेशींचा बनलेला असतो. या पेशी विटांप्रमाणे एकीवर एक रचलेल्या असून त्यांच्या सांध्यांत चुन्याप्रमाणे मेद भरलेला असतो. शरीरातील पाणी या भिंतीतून सतत थोडे थोडे बाहेर झिरपून हवेत उडून जाते. हवा फार कोरडी झाली, किंवा साबणाने सांध्यांतील मेद धुऊन नेला, म्हणजे पाणी जाण्याचा वेग वाढतो. मग विटा आखडतात आणि भिंतीला तडे पडतात.

पूर्वी लोकांची समजूत अशी होती की, कातडीतील तेल कमी झाल्यामुळे ती कडक होते. १९५२ साली आयर्व्हिन ब्लँक नावाच्या अमेरिकन संशोधकाने ही समजूत पारखून पाहिली. त्याने जाड, कडक झालेल्या कातडीचे वाळलेले तुकडे घेतले. तेलात ठेवलेले तुकडे तसेच ठिसूळ राहिले; पण पाणी मिळताच असे तुकडे मऊ आणि लवचिक झाले. कातडीला मऊपणा देते ते पाणी, तेल नव्हे! मग तेलाचा उपयोग तरी काय? गळक्या रांजणाला बाहेरून लुकण लावले, तर आतले पाणी टिकते. परंतु लुकण म्हणजे पाणी नव्हे. तेलाचे आणि मेणाचे काम या लुकणासारखे आहे.

आता डबी उलटी करून पाहावी. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे घटक द्रव्यांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. जे द्रव्य सर्वांत अधिक, ते आधी. शेकडा १ किंवा त्याहून कमी असलेली द्रव्ये मात्र शेवटी, कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मोकळीक आहे. ही मोकळीक ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पहिले नाव बहुधा ‘ॲक्वा’ असे असते. हा लॅटिन शब्द ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ पाणी. पाचशेच्या डबीतही बहुधा सर्वांत अधिक भरणा पाण्याचाच असतो. ते तोंडाला लावल्यावर थोड्याच वेळात उडून जाते. म्हणून मागे काय उरते, ते महत्त्वाचे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी पुष्कळदा ग्लिसरीन दिसते. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शील याने १७७९ साली ऑलिव्हच्या तेलापासून हा गोड, दाट द्रव प्रथम वेगळा केला. साबण तयार करताना तो आपोआपच निघतो, त्यामुळे तो स्वस्त आहे. पाणी ओढून धरणे हा त्याचा गुण. हवा दमट असेल, तर तो काही पाणी हवेतूनही घेतो. पण कोरड्या हवेत त्याला ते मुख्यतः कातडीच्या आतल्या थरांतूनच मिळते, आणि वर झाकण नसेल तर तेही उडून जाते. म्हणून हिवाळ्यात कोरड्या चेहऱ्यावर नुसते ग्लिसरीन चोळणे हिताचे नाही. आंघोळीनंतर चेहरा ओलसर असतानाच लेप लावावा, असे सांगतात ते याचसाठी. हल्ली जाहिरातींत गाजणारे हायलुरोनिक ॲसिड हेही याच जातीचे. १९३४ साली मेयर आणि पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातील द्रवातून काढले. त्याचे मोठे रेणू कातडीच्या वरच राहून पाणी धरून ठेवतात. काम ग्लिसरिनासारखेच, नावाचा दिमाख मात्र वेगळा. शेतकरी पिकाला घालतो तो युरियासुद्धा औषधी शुद्धतेने तयार करून लेपांत घालतात, कारण मूळ त्वचेतही तो असतोच.

झाकणाचे काम करणारी द्रव्ये निराळी. त्यांत पेट्रोलॅटमचा हात धरणारे दुसरे क्वचितच. १८५९ साली रॉबर्ट चेसब्रो हा तरुण अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर गेला होता. पंपाच्या दांड्यांवर साचणारा चिकट मेणचट पदार्थ तेथील कामगारांना नकोसा होई. पण भाजले-कापले म्हणजे तेच तो जखमेवर चोळीत. चेसब्रोने तो शुद्ध केला आणि १८७२ साली व्हॅसलिन या नावाने त्याचे पेटंट घेतले. हा पदार्थ चिकट, चकचकीत, उकाड्यात नकोसा वाटणारा खरा. परंतु पाणी अडविण्याच्या कामी खोबरेल किंवा तिळाचे तेल त्याच्या जवळपासही येत नाही. मधमाश्यांचे मेण, मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन आणि डायमेथिकोन ही त्याचीच भावंडे.

तिसरा वर्ग विटांमधील सांधे भरणाऱ्या द्रव्यांचा. सिरॅमाइड हे तर मूळ भिंतीतल्या चुन्याचेच एक अंग. काही वनस्पतिज तेले व स्निग्ध पदार्थही येथे उपयोगी पडतात. एखाद्या परदेशी डबीवर ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ असे भारदस्त नाव आढळते. हे दुसरेतिसरे काही नसून कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे कोकणातील आजीबाई भेगाळलेल्या टाचांना लावतात ते भिरंडेल होय! तथापि झाडापासून निघाले म्हणून प्रत्येक तेल गुणकारी ठरत नाही. ऑलिव्हचे तेल काही आठवडे लावल्यास त्वचेची भिंत उलट दुबळी होते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगात आढळून आले.

रांगेच्या शेपटाकडे सुगंध आणि परिरक्षक द्रव्ये येतात. परिरक्षकांना उगाच शत्रू मानू नये. जेथे पाणी आहे तेथे बुरशी येतेच. फिनॉक्सिइथेनॉल हे असेच एक द्रव्य. ते सहसा शेकडा १ हून अधिक घालीत नाहीत, आणि म्हणूनच ते वाचणाऱ्याला खुणेच्या दगडासारखे उपयोगी पडते. दर्शनी बाजूवर केशराचे मोठे चित्र असावे, आणि पाठीवर केशराचे नाव या दगडाच्याही पलीकडे सापडावे, तर आत केशर चिमूटभरच आहे हे उघड झाले. सुगंधाने मात्र नाजूक कातडीला खाज सुटू शकते. त्याविना असलेला लेप बरा.

स्वस्त आणि महाग अशा दोन डब्या शेजारी ठेवून त्यांची पहिली पाच-सहा नावे ताडून पाहावी. पुष्कळदा ती जवळजवळ सारखीच निघतात: पाणी, ग्लिसरीन, एखादे झाकण, एखादा स्निग्ध पदार्थ, आणि तेल व पाणी एकजीव ठेवणारे द्रव्य. उरलेली रक्कम काचेच्या बरणीची आणि जाहिरातीची. सुगंधविरहित, सिरॅमाइडयुक्त लेपाला चार पैसे अधिक पडले, तर ते समजण्यासारखे आहे. खाजऱ्या, वारंवार फुटणाऱ्या कातडीला त्याचा खरोखर उपयोग होतो.

पण काही डब्यांच्या पाठीवर अक्षरेच नसतात. रंग उजळण्याचे आमिष दाखवून विकल्या जाणाऱ्या काही लेपांत पारा घातलेला असतो. तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. केरळातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला. चौकशी करता, त्या १५ पैकी १३ जण दुखणे सुरू होण्यापूर्वी रंग उजळण्याचे लेप वापरीत होते असे कळले. लेप लावणे थांबविल्यावर बहुतेकांचे दुखणे ओसरले.