आजीचं घड्याळ, तुमचं घड्याळ

दोस्तांनो, समजा यंदाच्या मे महिन्यात तुमची आजी अमेरिकेला निघाली आहे. न्यूयॉर्कला आत्याचं बाळंतपण आहे आणि तिच्या मदतीला तिथं दुसरं कुणी नाही. आजी पहिल्यांदाच विमानात बसणार, तीही एकटी. थेट विमानाचं तिकीट महाग, म्हणून बाबांनी वाटेत विमान बदलायचं स्वस्त तिकीट काढलं आहे.

हे तिकीट स्वस्त का असतं बरं? मोठ्या विमान कंपन्या अनेक गावांचे प्रवासी एका मोठ्या विमानतळावर गोळा करतात आणि तिथून मोठं विमान भरून पुढे नेतात. ज्याला वाट बघायला वेळ आहे, त्याला तिकीट जरा कमी पैशात मिळतं. म्हणजे पैसे वाचतात, पण तास खर्च होतात. किती? घ्या पाटी, करा बेरीज.

सांगलीहून मुंबईपर्यंत ९ तास. विमानतळावर ४ तास आधी हजर. आखाती देशापर्यंतचं विमान ३ तास. तिथं दुसऱ्या विमानाची वाट पाहणं ८ तास. पुढचं विमान १४ तास. उतरल्यावर तपासणी आणि सामान यांत २ तास. किती झाले? चाळीस! आणि या चाळीस तासांत आजीला आडवं व्हायला जागा नाही.

विमानात बसून दमायला काय होतं?

खुर्चीत नुसतं बसायचं, मग थकवा कसला, असं तुम्हाला वाटेल. पण बघा हं. उंचावर उडणाऱ्या विमानात हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा, तेवढाच तो ठेवलेला असतो. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे आजी कळसूबाईपेक्षाही वर कित्येक तास बसून राहणार! शिवाय तिथली हवा फार कोरडी असते. घसा सुकतो, डोळे चुरचुरतात. म्हणून तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी पीत राहायचं. 'सारखं उठावं लागेल' म्हणून आजी पाणी टाळेल, तेव्हा तिला आधीच बजावून ठेवा.

उठणं तर चांगलंच! चार तासांपेक्षा जास्त वेळ पाय लोंबते ठेवून बसलं, की पायांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. दर तासा-दोन तासांनी चार पावलं चालायचं, बसल्या जागी घोटे गोल फिरवायचे. पीटीच्या तासाला तुम्ही करता तेच. निघण्याआधी आठ दिवस आजीकडून रोज करून घ्या.

तुमची कामं

आजीची तयारी म्हणजे फक्त आई-बाबांचं काम नाही. ही कामं तुम्ही करायची :

१. एका जाड कार्डावर ठळक इंग्रजीत आजीचं नाव, दोन्ही विमानांचे नंबर, आत्याचा पत्ता आणि फोन लिहा. फोनची बॅटरी संपते, कार्डाची नाही.

२. आजीची रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग कधी कधी मागे राहते.

३. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत चालत नाही. पातळ पदार्थ १०० मिलीलीटरच्या बाटलीपुरतेच. बरणी घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका. ताजी फळं-भाज्या, बिया आणि ताजा कढीपत्ता मात्र कुठल्याच बॅगेत नको. तिकडच्या झाडांना कीड-रोग लागू नये म्हणून अमेरिकेत यांवर कडक नियम आहेत. जे खाणं नेलं असेल ते विचारल्यावर खरं सांगायचं.

४. विमानातल्या जेवणासाठी बाबांना आधीच 'शाकाहारी' असं कळवायला सांगा. नुसतं 'हिंदू जेवण' म्हटलं, तर पुष्कळ कंपन्यांच्या यादीत ते मांसाहारी असू शकतं. सोबत दशम्या आणि कोरडी चटणी असली की वाटेतले आठ तास निभतात.

५. चालणं झेपत नसेल तर चाकाची खुर्ची आधी मागून ठेवता येते. पण आजी टुणटुणीत असेल तर ती खुर्ची खरोखर गरज असलेल्यासाठी राहू द्या.

६. तुम्ही अधिकारी व्हा, आजीला प्रवासी करा. "कशासाठी आलात? किती दिवस राहणार? कुणाकडे?" खेळता खेळता आजीची भीती जाईल.

पोचल्यावर पुढे काय?

आजी पोचली, आत्या भेटली, डोळ्यांत पाणी आलं. संपला प्रवास? छे! शरीर पोचलं, पण आजीचं आतलं घड्याळ अजून सांगलीतच आहे.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, एक चिमुकला भाग आहे. झोप कधी, जाग कधी, याची वेळ तो सांभाळतो. शरीरातली ही घड्याळं पेशींच्या आत कशी चालतात, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं. आणि ते रोज साधारण एकच तास सरकू शकतं.

१८८३ साली आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून आगबोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस! तो प्रवास सोपा मुळीच नव्हता. पण एवढ्या दिवसांत वेळ रोज सरासरी दहा-बारा मिनिटंच सरकत होती, त्यामुळे आतलं घड्याळ बोटीबरोबरच चालत राहिलं. आजीचं घड्याळ मात्र दीड-दोन दिवसांत साडेनऊ तास मागे न्यावं लागणार. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा तेवढं मागे असतं.

म्हणून काय होतं? पहाटे तीन वाजता आजी टक्क जागी! तिचं पोट म्हणतं, साडेबारा वाजले, पानं घ्या. घर काळोखात, आत्या आणि काका झोपलेले. भांडं वाजवायची चोरी. परक्या घरात, परक्या देशात आजी एकटी गादीवर बसून राहते. आणि दुपारी, आत्याला मदत हवी असते तेव्हा, तिचे डोळे मिटायला लागतात. 'मी मदतीला आले की ओझं व्हायला?' असं तिच्या मनात येतं.

इथं तुमची खरी गरज आहे. कारण तिकडे पहाटेचे तीन, तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेबारा असतात. तुम्हाला मे महिन्याची सुट्टी. अशा वेळी आजीशी बोलायला तुम्ही मोकळे! पहिले आठ दिवस तिला त्या वेळी फोन करा. चित्राचा नको, नुसत्या आवाजाचा. पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडला तर मेंदूला वाटेल सकाळच झाली. मांजर काय करतंय, आंबे उतरवले का, सगळं सांगा. मग म्हणा, "आजी, आता पड बरं जरा."

तिला हेही सांगा : दुपारी फार तर अर्धा तास लवंडायचं. संध्याकाळी आत्याबरोबर बाहेर उजेडात फिरायचं. मेअखेरीला तिथं सव्वाआठ वाजता सूर्य मावळतो. दिवेलागण उशिरा, तर झोपही तेव्हाच. जेवण तिकडच्या घड्याळाप्रमाणे. हळूहळू एकेक तास करत घड्याळ लागतं. डुलक्या येणं म्हणजे ओझं होणं नव्हे, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे.

परत आल्यावरही तिला सांभाळा. पश्चिमेपेक्षा पूर्वेकडे येताना घड्याळ लागायला बहुतेकांना जास्त दिवस लागतात. ती भरदुपारी घोरू लागली तर हसू नका!

आता सांगा पाहू : तुमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेत. आजी काय करत असेल?