चित्र गेले? आधी छत्री फिरवू नका

पावसात टीव्हीवरचे चित्र तुटले, की अनेकजण गच्चीवर जाऊन छत्री फिरवतात. खरा बिघाड तेव्हा सुरू होतो.

डीडी फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-15 उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमारे 36,000 किलोमीटर उंच आहे. नेवासे तालुक्यातील घोडेगावातून तो जवळजवळ नेमका आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे 59 अंशांवर येतो. छत्री एक अंश हलली, तर रोख तिथे सहाशेहून अधिक किलोमीटर चुकतो!

या लहरींची लांबी तीन सेंटिमीटरपेक्षाही कमी असते. पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. संदेश क्षीण झाला, की जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या दिसत नाहीत. चित्राचे चौकोन पडतात, मग ते गोठते. पाऊस ओसरल्यावर ते आपोआप परतते.

म्हणून आधी सेट-टॉप बॉक्सवर ‘क्वालिटी’ पाहावी. ती चांगली असून एखादीच वाहिनी दिसत नसेल, तर छत्री निर्दोष आहे. वाहिन्या पुन्हा स्कॅन कराव्यात. आभाळ निरभ्र असूनही ती शून्य असेल, तर आधी केबलचे जोड, मग आड आलेली फांदी आणि शेवटी दिशा तपासावी.

विद्यार्थ्यांना होकायंत्र देऊन, लोखंडी छत्रीपासून थोडे दूर उभे करून, गावातील फ्री डिशच्या छत्र्यांची दिशा मोजायला सांगा. सगळ्यांचे तोंड एकीकडेच का, याचे उत्तर त्यांनाच शोधू द्या.