'परफ्यूम'मधला धूर

नाजूक कुपीतून मनगटावर उडणारा सुगंधी फवारा म्हणजे 'परफ्यूम', अशी आज आपली कल्पना आहे. या शब्दाच्या पोटात मात्र धूर दडलेला आहे. लॅटिन भाषेत 'पेर' म्हणजे आरपार आणि 'फूमुस' म्हणजे धूर. इटालियन व फ्रेंच भाषांमार्गे हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत रूढ झाला, तेव्हा सुगंधी पदार्थ जाळून धुरी देणे हा त्याचा अर्थ होता. विशेष म्हणजे लॅटिन 'फूमुस' आणि संस्कृत 'धूम' हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत.

इंग्रजीतील गंधवाचक शब्दांचा हा प्रवास केवळ व्युत्पत्तीची गंमत नाही. वासाविषयीच्या समजुती या शब्दांत रुजल्या, त्यांनी शहरांची रचना बदलली आणि प्रसंगी हजारो माणसांचे प्राणही घेतले.

आज 'स्टेंच' म्हटले की नाकाला रुमाल लावावासा वाटतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र 'स्टेंच' म्हणजे कोणताही वास, अगदी फुलांचासुद्धा! 'द फिनिक्स' या प्राचीन इंग्रजी काव्यात नंदनवनासारख्या भूमीचे वर्णन करताना तेथील सुगंधासाठी हाच शब्द योजलेला आहे. 'रीक' या शब्दाचा मूळ अर्थ नुसता धूर असा होता. त्याच्यापासूनच धूप या अर्थाचा 'रेकेल्स' हा शब्द तयार झाला होता. धुराड्यांमुळे एडिंबरा शहराला मिळालेल्या 'ऑल्ड रीकी' या टोपणनावात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. 'ब्रेथ' म्हणजे श्वास, हा अर्थही नंतरचा. आधी त्याचा अर्थ गंध वा वाफ असा होता.

सन १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली. पुढील काही शतकांत 'ओडर', 'सेंट', 'परफ्यूम' असे फ्रेंच-लॅटिन वळणाचे शब्द इंग्रजीत प्रतिष्ठा पावले आणि 'स्टेंच', 'रीक' या मूळच्या शब्दांच्या वाट्याला दुर्गंधी आली. पैकी 'सेंट' हा शब्द आधी शिकारी कुत्र्यांच्या हुंगण्यासाठी वापरला जाई. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधील 'सी' हे अक्षर सतराव्या शतकात विनाकारण घुसले. पूर्वेकडूनही भर पडतच होती. 'सँडल' हे चंदनाचे रूप, तर कस्तुरीला इंग्रजीत म्हणतात ते 'मस्क'ही संस्कृतातून फारसीमार्गे तेथे पोहोचले.

धुरी देण्यामागे केवळ हौस नव्हती. सडक्या वासाची हवा हेच रोगाचे कारण, असे युरोपात शतकानुशतके मानले जाई. अशा दूषित हवेला 'मायझ्मा' म्हणत. तिच्यापासून बचाव व्हावा म्हणून श्रीमंत मंडळी सुगंधी द्रव्यांचा 'पोमँडर' नावाचा गोळा जवळ बाळगत. लंडनमध्ये १६६५ च्या प्लेगच्या वेळी हवा शुद्ध करण्यासाठी रस्तोरस्ती आगी पेटवण्यात आल्या होत्या. 'मलेरिया' या नावाचाही मूळ इटालियन अर्थ 'वाईट हवा' असाच आहे. हा रोग हवेमुळे नव्हे तर डासांमुळे पसरतो, याचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत मिळाला.

या समजुतीची जबर किंमत लंडनने मोजली. एडविन चॅडविक हे तेथील सार्वजनिक आरोग्य चळवळीचे अग्रणी. दुर्गंधी म्हणजेच रोग, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या पुढाकाराने घाण वाहून नेण्यासाठी गटारे धुऊन थेम्स नदीत सोडण्यात आली. घरांतला वास कमी झाला. पण अनेक लंडनवासी त्याच नदीचे पाणी पीत होते. १८४८-४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत शहरात सुमारे १४ हजार माणसे दगावली. कॉलरा पाण्यातून पसरतो, हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये साधार दाखवूनही ते फारसे कोणाला पटले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट पार्लमेंटमध्ये शिरली, तेव्हा मात्र सूत्रे हलली आणि जोसेफ बाझलगेट यांच्या भूमिगत गटार योजनेला मंजुरी मिळाली. गटारे बांधली गेली ती वास घालवण्यासाठी. त्यांनी प्रत्यक्षात घालवला तो कॉलरा.

मुंबईवरही या समजुतीची छाया पडली. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला, तेव्हा पालिकेने गटारे धुण्याचा सपाटा लावला. पुढे १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीत समुद्राची मोकळी हवा खेळावी, या हेतूने ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. रस्ता मात्र आजही आहे.

इंग्रजीतील 'स्टेंच'ला हसण्यापूर्वी आपल्या मराठीकडेही पाहावे. 'सुवास' शब्दात सुगंधी असलेला 'वास' एकटा आला, की आपण नाक मुरडतो. आणि 'घाण'? तो शब्द संस्कृत 'घ्राण'वरून आला, ज्याचा मूळ अर्थ वास घेणे किंवा नाक एवढाच होता!